नळावरची पिवळी पाटी

प्रिय राइमो,

बाहेर अकरा अंश आहे आणि वारा ईशान्येचा. तू म्हणायचास, "हिल्काने कधी प्रेमपत्र लिहिलंच, तर त्यातही आधी तापमान असेल." हे प्रेमपत्र नाही, पण तापमान लिहून टाकलं. पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. कशासाठी हवा ते तिने विचारलं नाही, फक्त 'व्हेस्तेरोस' कसं लिहायचं ते दोनदा सांगितलं, जणू स्वीडनची गावं मला माहीतच नाहीत. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे ती त्या जूनमधल्या पाण्याच्या कॅनबद्दल. दुसऱ्या कशाबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल. इथेच पत्र मिटून ठेवलंस तरी मला समजेल. जमलं तर शेवटपर्यंत वाच.

आधी बातमी. आई गेली. सतरा फेब्रुवारीला, सकाळी सव्वासातला, जिल्हा रुग्णालयात. दाखल्यावर 'न्यूमोनिया' लिहिलं आहे. मी त्याला माझ्या मनाचं काही जोडत नाही. आठ हिवाळ्यांतला तो पाचवा न्यूमोनिया होता, एवढंच नोंदवते. गेल्या नाताळलाही तिने विचारलं होतं, "राइमोचं कार्ड आलं का गं?" दर नाताळला विचारायची. मग बाबा उठून लाकडं आणायला बाहेर जायचे. आमच्या घरात तुझं नाव निघालं की चुलीपाशी लाकडं भरलेली असली तरी बाबांना ती संपलेली दिसायची.

त्या जूनमधल्या आजारपणानंतर आई सौनात कधी बसली नाही, हे तुला कोणी सांगितलं नसेल. वाफ तिला सोसायची नाही. तापलेल्या दगडांवर पाण्याची पहिली पळी पडली की तिचा श्वास अडकायचा आणि ओठ काळेनिळे व्हायचे. पण शनिवार तिने सोडला नाही. बाबा आत असायचे आणि ती बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत, भिंतीलगतच्या बाकावर, अंगाला पंचा गुंडाळून बसायची. दार बोटभर उघडं ठेवायला लावायची. दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला की डोळे मिटायची. "टाका अजून एक," म्हणायची, "कंजूषपणा करू नका, ऐकू आलं नाही मला." बाबा टाकायचे. आठ वर्षं तिचं सौनात जाणं हे असं होतं.

आता त्या कागदाबद्दल. तू गेलास त्याच्या पुढच्याच वर्षापासून बॉयलरघरातल्या नव्या लोकांना रसायनांचा धडा मी देते. मे महिन्याचा शेवटचा बुधवार, सकाळी नऊ ते बारा, वरच्या मजल्यावरची खोली. धड्यात एक पान आमच्याच कारखान्यात घडलेल्या प्रसंगाचं असतं. ते पान मी लिहिलेलं नाही, बॉयलरघराचा प्रमुख म्हणून वेसालाने चौकशीनंतर लिहिलं. पण आठ वेळा ते मोठ्याने वाचलं मी. त्यातलं चौथं वाक्य मला पाठ आहे: "बॉयलर जतनात असल्याची पिवळी पाटी नळावर असूनही कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय पाणी काढले." तुझं नाव छापलेलं नाही. गरजही नाही. पहिल्या रांगेतलं कोणीतरी शेजाऱ्याला हळूच सांगतंच, "तो राइमो. स्वीडनला पळाला तो." मी पुढचं वाक्य वाचते.

हायड्राझीन काय आहे ते तुला सांगायला नको. पण धड्यात मी ते सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते, कारण मला क्रम सोडून लिहिता येत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लोखंड खातो. बॉयलरच्या नळ्यांना आतून खड्डे पडतात आणि एक दिवस नळी फुटते. हायड्राझीन त्या प्राणवायूला धरतं आणि दोघांचं मिळून पाणी आणि नायट्रोजन होतं, दुसरं काही नाही. मीठ उरत नाही, गाळ उरत नाही. शिवाय लोखंडावर आतून एक काळी, घट्ट साय धरते आणि तीच पुढे त्याचं रक्षण करते. बॉयलर चालू असताना ते इतकं थोडं लागतं की मोजायला प्रयोगशाळाच हवी. पण बॉयलर बराच काळ थंड ठेवायचा असेल तर तो काठोकाठ भरून, लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमपर्यंत हायड्राझीन आणि जोडीला थोडा अमोनिया घालून बंद करतात. याला आपण जतन म्हणतो. हजारोपट फरक. आणि दिसायला दोन्ही पाणी सारखंच. स्वच्छ, मऊ. गंजासाठी जे औषध, तेच माणसाच्या फुफ्फुसाला, यकृताला आणि डोळ्यांना विष. उशिराने कॅन्सर होण्याचाही संशय. इथे मी थांबते आणि त्यांना लिहून घेऊ देते.

मग कोणीतरी विचारतंच, "पण बॉयलरचं पाणी घरी नेतं कोण?" तेव्हा उजळणीला आलेले मागच्या बाकावरचे जुने लोक खिडकीबाहेर बघतात. कारण सगळेच न्यायचे. आमच्या किनाऱ्याच्या विहिरींत लोह इतकं की पाण्याने सौनाचे दगड तांबडे होतात आणि केस चिकट. कारखान्याचं पाणी मऊ. वेसालाच्या बायकोचे पडदे त्या पाण्याने धुतले जायचे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॉयलरवाल्याच्या सायकलवर एक पांढरा कॅन असायचा. बाबांनी पंचवीस वर्षं तो आणला. ते निवृत्त झाल्यावर काम तुझ्याकडे आलं. आई तुला चिडवायची, "लग्नाची तारीख ठरत नाही, पण जावई पाणी भरायला लागला. चांगलं आहे. आमच्या ह्यांना तेवढंच यायचं." तू म्हणायचास, "मावशी, तारीख हिल्काच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलीय. निकाल यायचाय." आणि ती हसताना हाताने तोंड झाकायची, पुढचा दात नव्हता म्हणून.

आता तो गुरुवार. तिसऱ्या नंबरचा बॉयलर बुधवारी बंद झाला होता, हे तुला ठाऊक होतं. सणाच्या दोन-तीन दिवसांच्या बंदला जास्तीचं औषध घालत नसत, हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच की गुरुवारी सकाळी आठला तपासणीत दोन नळ्या पातळ झालेल्या सापडल्या, बंद तीन आठवड्यांचा करायचं ठरलं आणि वेसालाने मला फोन करून सांगितलं, "हिल्का, जतन करून टाक, जेवायच्या आत." मी केलं. दहा चाळीसला शेवटचा नमुना घेतला. माझ्या वहीत आकडा आहे, वेळ आहे, 'हि. ले.' अशी सही आहे. उरलं एकच काम. नमुन्याच्या नळावर, ज्याने तुम्ही कॅन भरायचात त्याच्यावर, पिवळी पाटी अडकवायची. तुमच्या शिफ्टने आमची वही वाचायची नसते, तुम्ही नळ बघायचा असतो. पाटी म्हणजेच निरोप. ती लावायचं काम औषध घालणाऱ्याचं.

पाटी माझ्या हातात होती. तिची तार तुटलेली होती. नवी तार वर, माझ्या खणात. मी पाटी कोटाच्या खिशात टाकली आणि जिना चढायला निघाले, तेवढ्यात तू फाटकावरून हाक मारलीस. तुझी शिफ्ट दोनची, पण तू अकरालाच आला होतास. पिशवीत पहिल्या स्ट्रॉबेऱ्या होत्या. महाग होत्या आणि अर्ध्या हिरव्या. आपण नदीच्या बाजूला, लाकडाचे ओंडके उतरवतात त्या पायऱ्यांवर बसलो. तू पिकलेल्या मला देत होतास, हिरव्या स्वतः खात होतास आणि तोंड वाकडं करून म्हणत होतास, "तुमच्या प्रयोगशाळेच्या मानाने ह्या पास आहेत का, बाई?" मी हसले. मला आठवतं, कारण मी फार हसत नाही. उठताना मी तुला म्हणाले, "आईचा कॅन विसरू नकोस हं."

राइमो, हे वाक्य मी म्हणाले. ज्या तासात मी त्या बॉयलरमध्ये विष घातलं, त्याच तासात मी तुला तिथलं पाणी आणायला सांगितलं. माझ्या खिशात पाटी होती. दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही. मी यावर खूप विचार केला आहे. आनंदात होते, एवढंच कारण सापडतं. आणि ते कारण चौकशीच्या कागदावर लिहिता येत नाही.

दुपारी तीनच्या बसने मी घरी गेले. तू रात्री येताना कॅन सौनाच्या पायरीशी ठेवून गेलास. दुसऱ्या दिवशी सण. दाराला बर्चच्या डहाळ्या बांधलेल्या, नवे बटाटे उकडत होते, तू आणि बाबा किनाऱ्यावर होळीची लाकडं रचत होतात आणि ओंडका आडवा ठेवायचा की उभा यावर भांडत होतात. पाचला आई पहिली आत गेली. पहिली वाफ तिचीच, हे आमच्याकडे ठरलेलं. बादलीत तिने कॅनमधलं पाणी ओतलं आणि सणाचा दिवस म्हणून पाइनच्या डांबराच्या अर्काचे थेंब टाकले. तिला तो वास आवडायचा. त्या वासाखाली दुसरा वास बुडाला. डोळे झोंबले तेव्हा तिला वाटलं, अर्क जास्त झाला. हे तिनेच नंतर सांगितलं. "मला वाटलं, उगाच हात सैल सोडला मी. म्हणून अजून पाणी टाकलं, वास पातळ व्हावा म्हणून."

अजून पाणी टाकलं.

ती बाहेर आली तेव्हा खोकत होती आणि हसतही होती. म्हणाली, "जावयाच्या पाण्याला यंदा जोर आहे." अर्ध्या तासाने तिला उभं राहता येईना. रुग्णालयात तिला घेऊन तू गेलास, वेसालाकडून त्याची गाडी मागून घेऊन, सव्वाशेच्या वेगाने. मी मागे बसले होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर. तू आरशातून बघत होतास. तुला अजून काही कळलं नव्हतं. मला पुलावर कळलं. माझा कामाचा कोट घरी खुंटीला होता आणि त्याच्या खिशात काय आहे ते मला अचानक दिसलं. मी तिच्या अंगावरचा पंचा सारखा केला.

शनिवारी सकाळी मी कारखान्यात गेले. हे तुला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल माझं कौतुकही झालं. डॉक्टरांना कशावर उपचार करायचा ते कळत नव्हतं. मी बादलीत उरलेलं पाणी बाटलीत भरून नेलं आणि तपासलं. तपासणीच्या द्रवाचे थेंब टाकल्याबरोबर परीक्षानळीतलं पाणी पिवळं झालं, इतकं गडद की आकडा मिळायला हजारपट पातळ करावं लागलं. लिटरमागे एकशे नव्वद मिलिग्रॅम. बादलीतलं सहा लिटर तिने वापरलं होतं. म्हणजे सव्वा ग्रॅमहून थोडं कमी. बोटांच्या चिमटीत मावणाऱ्या मिठाएवढं. आणि खोली केवढी, तर तीन माणसं बसतील एवढी. मी रुग्णालयाला फोन करून द्रव्याचं नाव आणि आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, या फोनने तिचा जीव वाचला. ते खरं आहे. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर मी खण उघडला, तांब्याची तार घेतली, खाली गेले आणि पाटी नळावर अडकवली. दोन वेढे, टोक आत दुमडून.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते लिहायचा मी चार वेळा प्रयत्न केला आणि चारही कागद फाडले. मी घाबरले होते, असं लिहिलं तर सोपं होतं. पण तारेचे वेढे सरळ बसले. मी एक राहिलेलं काम पूर्ण करत होते, असंच मला वाटत होतं. दोन दिवस उशिरा.

चौकशीत त्यांनी तुला विचारलं, नळावर पाटी होती का. वेसाला, ते तपासनीस आणि टंकलेखिका. मी खिडकीपाशी होते. तू माझ्याकडे बघितलंस. तू नळ बघितल्याशिवाय कधी उघडला नाहीस, हे त्या खोलीत मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कोणालाच नव्हतं. पाटी नव्हती हे तुला पक्कं माहीत होतं. आणि सोमवारी ती तिथे आहे हेही तू पाहिलं होतंस. आकडेमोड तुला माझ्याइतकीच येते. तू म्हणालास, "असेल. माझं लक्ष गेलं नाही." टंकलेखिकेने ते लिहिलं. मी लिहू दिलं. संध्याकाळी तू पुलावर माझी वाट बघत होतास, मी बघितलं आणि दुसऱ्या रस्त्याने घरी गेले. सप्टेंबरात तू गेलास.

मला अनेकदा वाटलं की तू मला वाचवलंस. मग वाटलं, तू मला एक संधी दिलीस, मी बोलावं म्हणून. दोन्हींतलं खरं कुठलं ते मला माहीत नाही, आणि विचारायचा मला अधिकार नाही.

बाबांनी तुला माफ केलं नाही. "पाटी न बघणारा माणूस बॉयलरजवळ उभा राहायच्या लायकीचा नाही," हे वाक्य त्यांनी कारखान्यातल्या लोकांबरोबर दारूच्या टेबलावर, दुकानात, पाद्रीबुवांसमोरसुद्धा म्हटलं. आई मात्र तुझं कार्ड शोधत राहिली. मला तिला सांगता आलं असतं. आठ नाताळ होते, आणि आठही मी मोजून घालवले.

गेल्या बुधवारी धडा होता. यंदाचा शेवटचा, कारण शरद ऋतूपासून कारखान्यात हायड्राझीन बंद. त्याच्या जागी दुसरं औषध येणार, कमी त्रासाचं म्हणतात. हायड्राझीनची निळी पिंपं परत जाणार. पान वाचून झालं. तिसऱ्या रांगेत राकेल नावाची नवी मुलगी आहे, बॉयलरवर रुजू झालेली, नखांत आत्ताच काजळी. तिने हात वर केला. म्हणाली, "बाई, या पानात सगळ्याला वेळ दिलीय. औषध कधी घातलं, पाणी कधी काढलं, फोन कधी केला. पाटी कधी लावली त्याची वेळ कुठे आहे?" आठ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "वेळ नोंदलेली नाही." ती म्हणाली, "मग लावली होती हे कशावरून?" मागून कोणीतरी म्हणालं, "अगं, बस ना खाली, जेवायची वेळ झाली." सगळे हसले. ती हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि फळा पुसला.

काल शनिवार. बाबांनी चारला सौना तापवला. मी आईच्या बाकावर जाऊन बसले, दार बोटभर उघडं ठेवून. तोंड बघून मला सांगता आलं नसतं, दारातून जमलं. तार तुटली होती इथपासून सुरुवात केली आणि दोन वेढ्यांपर्यंत सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच, वेळांसकट. आत पाणी टाकायचं थांबलं होतं. दगडांचा तडतड आवाज येत होता, एवढंच. मला वाटलं त्यांना बरं वाटत नसेल. मग आतून आवाज आला, "ती तार मी बघितली होती."

राइमो, त्या शनिवारी दुपारी दोनला वेसालाने बाबांना नळ दाखवायला नेलं होतं. बाकीच्यांनी पाटी बघितली. बाबांनी तार बघितली. बॉयलरघराच्या हवेत तांबं दोन दिवसांत काळवंडतं. ही तार नव्या नाण्यासारखी चकचकत होती. मी गंजाचं शिक्षण घेतलेली, माझ्या लक्षात आलं नाही. पंचवीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला एका नजरेत कळलं. "तार दोन-तीन तासांची होती," ते आतून म्हणाले. "माझी बायको रुग्णालयात होती. मुलगी एकच होती. आणि तो पोरगा काही बोलत नव्हता." पुढे म्हणाले, "मी त्याला इतक्या शिव्या घातल्या, की मला स्वतःलाच खऱ्या वाटायला लागल्या." मग त्यांनी एक पळी टाकली. विहिरीचं तांबडं पाणी. आम्ही तेव्हापासून तेच वापरतो. ते बाहेर आले तेव्हा चेहरा ओला होता, पण सौनातून येणाऱ्या माणसाचा असतोच. माझ्या शेजारी बसले, मध्ये आई बसेल एवढी जागा सोडून. म्हणाले, "तिला कळलं होतं का गं?" मी म्हणाले, "नाही. मला माहीत नाही." ते म्हणाले, "ती कार्ड का विचारायची मग?"

कपडे घालता घालता ते म्हणाले, "आधी त्याला लिही. कारखान्याला नंतर." म्हणून हे पत्र. तुझी माफी मागण्यासाठी नाही. ती मागितली तर देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच पडेल. उद्या सोमवारी सकाळी आठला मी वेसालाच्या टेबलावर धड्याचं ते पान दुरुस्त करून ठेवणार आहे, आणि त्याची पहिली प्रत तुझ्या हातात असावी असं मला वाटतं. चौथ्या वाक्याच्या जागी आता हे आहे: "त्या दिवशी नळावर पाटी नव्हती. ती लावण्याचे काम प्रयोगशाळेतल्या हिल्का लेपिस्तोचे होते. तिने ती अपघातानंतर, शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी लावली आणि ते लपवले. पाणी काढणाऱ्या राइमो हाताकाचा यात दोष नाही." वेळ नोंदली आहे. राकेलला एक प्रत देणार आहे. माझी नोकरी राहील की नाही ते माहीत नाही, आणि ते तुला कळवण्यासारखंही नाही. बाबांनी एक निरोप सांगितलाय, तो जसाच्या तसा लिहिते, मी त्यात काही घातलेलं नाही: "त्याला म्हणावं, विहिरीचं पाणी अजून तांबडंच आहे. सौना शनिवारी चारला तापतो." आठ वर्षं मी सगळीकडे दोन अक्षरांची सही केली. आज पूर्ण करते.

तुझीच, तू म्हणशील तेवढीच,
हिल्का मार्यात्ता लेपिस्तो